पोरांना व्याजाचं गणित खरंखुरं शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी मुलगी महापालिकेच्या शाळेत आठवीला आहे, सरळव्याजाची गणितं पटापट सोडवते. परवा तिला विचारलं की महिना शेकडा पाच म्हणजे वर्षाला किती, तर गप्पच बसली. साठ टक्के! दहा हजार घेतले तर वर्षाला नुसतं व्याजच सहा हजार, मुद्दल आहे तिथंच. आमच्या घरात असं कर्ज होतं आणि ते फेडताना माझ्या सासूबाईंच्या पाटल्या गेल्या, म्हणून हे मनाला लागतंय.

दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजन आहे, जीएसटी, शेअर सगळं आहे, चांगलंच आहे. पण उद्यमनगरात फौंड्रीत कामाला जाणाऱ्या बापाची पोरं घरात भिशी, पतसंस्था आणि मोबाईलवरचं झटपट कर्ज बघतात ना, मग त्याबद्दल पण कुणीतरी बोलायला पाहिजे की. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे आमच्या गल्लीत किती जणांना माहितीय? ओटीपी सांगून पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करायचा, हे तरी पाचवीपासून पाठ करून घ्या.

शाहू महाराजांनी १९१७ साली इथं प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्याच कोल्हापुरात महापालिकेच्या शिक्षण विभागानं आठवड्याला एक तास यासाठी द्यावा, वेगळं पुस्तक नको, घरातलं लाईट बिल आणि पासबुक आणायला सांगितलं तरी चालतंय.

एक पालक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर