तीन डोंगरांची हकीकत, सविस्तर

ती. आई-बाबा, शि. सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर आवाज तुटत होता आणि बाबांचं ते "डोंगर चढायला पैसे देऊन माणूस कशाला लागतो गं" तसंच राहिलं, म्हणून आता निवांत टाइप करतेय. आई, अक्षर मोठं करून घे, चष्मा शोधत बसू नकोस.

आधी उंची सांगते म्हणजे बाबांचं हसून होईल. इथल्या वेल्समधलं पेन-अ-वॅन हे दक्षिण ब्रिटनमधलं सगळ्यात उंच शिखर, आणि उंची किती, तर 886 मीटर! आपला सिंहगड याच्यापेक्षा उंच, कळसूबाई तर जवळपास दुप्पट. त्याच्या शेजारी कॉर्न डी 873 आणि क्रिबिन 795, आणि हे तिन्ही एका दिवसात करायचे, मर्थर टिडफिल गावाच्या वरच्या अंगाला एक जुनं धरण आहे तिथून सुरू करून परत तिथेच, साधारण 16 किलोमीटर. एकावरून उतरलं की लगेच दुसऱ्याचा चढ. बाबा, तुम्ही सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजामागे अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करता तसलाच प्रकार, फक्त इथे वाटेत कोणी "या, चहा घ्या" म्हणत नाही.

आमच्या गाइडबाई पन्नाशीच्या पुढच्या. निघायच्या आधी त्यांनी प्रत्येकाची बॅग उघडून बघितली, जीन्स घालून आलेल्या एका पोराला सरळ पॅन्ट बदलायला लावली. कॉटन भिजलं की वाळत नाही आणि वर वारा लागला की माणूस गारठतो म्हणे. मला वाटलं जरा जास्तच करतात या बाई. कारण वाट तर चांगली दगड बसवलेली, पुढेमागे माणसं, कुत्री, लहान पोरं, त्यात चुकण्यासारखं काय आहे.

पण कॉर्न डीवर पोचलो आणि धुकं आलं. आलं म्हणजे पाच मिनिटांत पुढच्या माणसाची पाठपण दिसेना. या डोंगरांचे माथे सपाट आहेत, लाल वाळूच्या खडकाचे, पण उत्तरेकडची बाजू एकदम तुटलेली, त्यामुळे वर तुम्हाला वाटतं मोकळं मैदान आहे आणि कडा कुठे संपतो ते कळतच नाही. एकाने फोनवर मॅप काढला तर थंडीने त्याचा फोनच बंद पडला. बाईंनी कागदी नकाशा काढला, त्यावर होकायंत्र ठेवून दिशा धरली आणि पावलं मोजत चालायला लागल्या. शंभर मीटरला आपली किती पावलं पडतात ते त्यांना पाठ, शंभर झाले की डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात. तोंडाने काही नाही, कोणी मधे बोललं तर नुसता हात वर. असे खडे बदलत बदलत त्यांनी आम्हाला बरोबर पेन-अ-वॅनच्या पाटीसमोर नेऊन उभं केलं, आणि तिथे काय, तर फोटोसाठी रांग! धुक्यात कोणाला काही दिसत नाही पण रांग आहे. त्या माथ्यावर कांस्ययुगातली दफनाची जागा आहे, म्हणून तिथले दगड हलवायचे नाहीत.

तर बाबा, पैसे त्या खड्यांचे. दोघांच्या हॉटेलच्या जेवणाएवढे गेले, मला अजिबात जास्त वाटले नाहीत.

जेवण क्रिबिनच्या अलीकडच्या खिंडीत, वाऱ्याकडे पाठ करून. बाकीच्यांची सँडविचेस भिजून लगदा झालेली आणि माझी कडक भाकरी जशीच्या तशी. आई, शेंगाची चटणी बाईंना दिली तर त्यांनी परत मागून घेतली, मग नाक पुसत पुसत बसल्या, पण डबी काही सोडली नाही. वाऱ्याने थोडी उडाली त्याचं मला खरंच वाईट वाटलं.

तिथेच त्यांनी सांगितलं की 2013 च्या जुलैमध्ये याच डोंगरांत सैन्याच्या निवडीची चाचणी चालू असताना तीन जण उन्हाने गेले, आणि तापमान किती, तर तिशीच्या आसपास. मी त्यांना म्हटलं आमच्याकडे मे महिन्यात 42-43 असतं, तर म्हणाल्या पण त्या उन्हात तुम्ही पाठीवर वजन घेऊन डोंगर चढता का. खरं आहे, आपण दुपारी दारं लावून झोपतो.

क्रिबिनचा चढ छोटा आहे पण लई खडा, तिथे माझी बोलती बंद झाली. उतरताना गुडघे बोलायला लागले म्हणून बाबांची आठवण आली.

तुम्ही याल तेव्हा हे तिन्ही नकोत. पश्चिमेच्या मेन रोडवरून पेन-अ-वॅनला जाऊन-येऊन साधारण साडेसहा किलोमीटर होतं, सगळी बांधलेली वाट, कंटाळा आला तर अर्ध्यातून फिरू. जानेवारीत गड्डा सोडून बाबा हलणार नाहीत आणि तेव्हा इथे चढण्यात काही अर्थपण नाही, तेव्हा तिकीट जूनचं बघू या. त्याआधी बाबांनी गुडघ्याचा एक्स-रे काढायचाच, "बघू नंतर" चालणार नाही. आणि चटणी येताना किलोभर आणा, बाईंना अर्धा किलो कबूल करून बसलेय.

तुमची,
ताई