‘निर्जंतुक केलेला’ म्हणून विकलेल्या जुन्या वस्तऱ्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: वापरलेला वस्तरा अस्वच्छ स्थितीत पाठवल्याबाबत

महोदय,

आपल्याकडून मागवलेला शिंगाच्या मुठीचा जुना वस्तरा मला मिळाला. खोक्यातल्या चिठ्ठीवर ‘निर्जंतुक केलेला, दाढीसाठी तयार’ असे छापले आहे. पाते वरून आरशासारखे चकचकीत आहे. पण मुठीच्या दोन पट्ट्यांमध्ये बॅटरीचा उजेड पाडला, तर खिळीपाशी साबणाचा पिवळट थर, त्यात अडकलेले बारीक केस आणि पात्याच्या बुडाशी काळपट-तांबूस डाग दिसतात. हे डाग गंजाचे आहेत की वाळलेल्या रक्ताचे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. वस्तरा मी चेहऱ्याला लावलेला नाही.

धारेबद्दल माझी तक्रार नाही. धार लावणाऱ्याचा हात चांगला आहे, हे मुद्दाम लिहितो.

दूरध्वनीवर आपल्या प्रतिनिधींनी सांगितले की, प्रत्येक वस्तरा स्पिरिटने पुसून अतिनील किरणांच्या पेटीत ठेवला जातो. या उत्तराने माझी काळजी वाढली. ते किरण जिथे थेट पडतात तेवढ्याच जागेवर काम करतात. मुठीच्या फटीत, खिळीच्या मागे, साबणाच्या थराखाली ते पोचत नाहीत. स्पिरिटचा बोळा फिरवला तर ते काही क्षणांत उडून जाते. जंतुनाशक कोणतेही असो, आधी मळ निघाला पाहिजे. मळावर ओतलेले औषध मळातच अडकते.

प्रतिनिधींचे दुसरे म्हणणे असे की, हे वस्तरे वर्षानुवर्षे पडून असतात, त्यावर आता काय जिवंत असणार? एरवी मी हे बऱ्याच अंशी मान्य केले असते. पण आपल्याच जाहिरातीत लिहिले आहे की, प्रत्येक वस्तरा पाठवण्यापूर्वी कारागीर स्वतः दाढी करून तपासतो. म्हणजे या पात्याचा शेवटचा वापर जुन्या मालकाने नव्हे, तर आपल्या कारखान्यात, पाठवण्याच्या आदल्या दिवसांत झाला. दाढी करताना न दिसणारे बारीक छेद पडतातच. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान 7 दिवस संसर्ग करण्याइतका टिकतो. पार्सल पोचायला तेवढा वेळही लागत नाही. कारागिराच्या प्रकृतीबद्दल मला शंका घ्यायची नाही. माझा आक्षेप या पद्धतीला आहे.

शिवाय धार लावण्याचा दगड आणि चामड्याचा पट्टा सगळ्या वस्तऱ्यांना एकच असतो का? चामडे नीट जंतुमुक्त करता येत नाही. अस्वच्छ पाते त्यावर फिरवले की मळ पट्ट्यावर जातो आणि पुढच्या पात्याला लागतो. जंतुनाशन आधी आणि पट्टा नंतर, असा आपला क्रम असेल, तर आधीचे सारे श्रम वाया जातात.

हे काम अवघड नाही, फक्त वेळखाऊ आहे. कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने मुठीच्या आतपर्यंत घासायचे, लागल्यास खीळ काढून मूठ सुटी करायची. गंज पूर्ण काढायचा, कारण त्याच्या खड्ड्यांत मळ दडतो. मग धार लावायची आणि सर्वांत शेवटी पाते व खिळीचा भाग 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुमारे 10 मिनिटे ओला राहील असे पाहायचे. 99 टक्क्यांचे अधिक कडक वाटते, पण ते लवकर उडते आणि जंतूंमधली प्रथिने मोडायला थोडे पाणी लागतेच. नंतर पूर्ण कोरडे करून तेलाचा हात. ब्लीच वापरू नये, त्याने कार्बन पोलादाला खड्डे पडतात. उकळत्या पाण्याने पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरत नाही, पण पाते गंजते आणि शिंगाची मूठ वाकडी होते.

चिठ्ठीवर काहीच लिहिलेले नसते, तर प्रत्येक ग्राहकाने घरी हे सगळे केले असते. आपल्या छापील शब्दांवर विसंबून कित्येकांनी ते केले नसेल आणि वस्तरा थेट गळ्यावर फिरवला असेल. मला सर्वांत जास्त राग याचा आहे.

म्हणून माझी मागणी आहे की, वस्तरा आपल्या खर्चाने परत न्यावा आणि पूर्ण रक्कम परत करावी. दाढी करून धार तपासणे थांबवावे. हातावरचा केस कापून पाहणेही नको, लोंबता सुटा केस पुरतो. प्रत्यक्षात काय केले जाते ते चिठ्ठीवर लिहावे आणि तोवर ‘निर्जंतुक’ हा दावा काढून टाकावा. ज्यांना असे वस्तरे आधीच विकले आहेत त्या सर्वांना, वापरण्यापूर्वी पुन्हा स्वच्छ करा, असे आजच लेखी कळवावे. रकमेला उशीर झाला तर चालेल, या सूचनेला नको.

लेखी उत्तराची वाट पाहत आहे.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत: वस्तऱ्याची छायाचित्रे, खोक्यातील चिठ्ठीची प्रत, खरेदीची पावती