फौजींच्या हातचा हापसा

संपादक महोदय,

आमच्या गावचे निवृत्त हवालदार गेल्याची चार ओळींची बातमी आपल्या दैनिकात आली. 'माजी सैनिक व हरहुन्नरी कारागीर' एवढाच उल्लेख होता. माण तालुक्यातल्या आमच्या वाड्यावस्त्यांवर त्यांची ओळख पलटणीपेक्षा हापशामुळे जास्त, म्हणून तो हुन्नर नेमका कोणता ते लिहून पाठवतो आहोत.

खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, त्यांचा ट्रेड प्लंबरचा. गावात सगळे त्यांना नुसतं 'फौजी' म्हणत. हापसा बिघडला की पाना काढण्याआधी ते पाणी भरणाऱ्या बायकांना विचारत, "वैनी, पाणी उशिरा येतंय का कमी येतंय?" निम्मं निदान तिथंच व्हायचं. उशिरा येतं पण मग धार भरून पडते, तर खालचा व्हॉल्व्ह नाहीतर पाइपाचा एखादा जोड गळतोय. खात्रीसाठी पाणी वर आणून अर्धा तास पंप बंद ठेवायचा आणि मग शाळेच्या पोरांना दांड्याचे हापसे मोजायला बसवायचं. पाचाच्या आत पाणी आलं तर गळती नाही. लगेच येतं पण धार बारीक, तर पिस्टनचे कप वायसर, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वाटीसारख्या चकत्या, झिजलेत. चाळीस हापशांना बारा लिटरच्या आसपास पाणी पडायला हवं. दांडा एकदम हलका झाला आणि थेंब नाही, तर दांड्याला पिस्टनशी जोडणारी सळी सुटली किंवा तुटली. थोडा वेळ नीट चालून पंप हवा ओढू लागला, तर बोअरच आटलंय. अशा ठिकाणी ते उगाच पाइप काढत नसत.

तीस मीटरवरचा सिलिंडर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते बोअरमधलं नळकांडं, काढायचा म्हणजे 3 मीटरचे 10 पाइप आणि आत 12 मिलिमीटरच्या सळ्या. व्हॉल्व्ह धरून असला तर आतलं पाणीही वर ओढावं लागतं, सगळं मिळून दीडशे किलोच्या घरात. हातातून सुटलं की थेट बोअरच्या तळाला. म्हणून पाइप घट्ट धरून ठेवणारा सेल्फ लॉकिंग क्लॅम्प आल्याशिवाय काम सुरू नाही, सरपंच उभे असले तरी नाही. सिलिंडर वर आला की आतल्या पितळी अस्तरावरून बोट फिरवत. वाळूचे ओरखडे लागले, तर नवे वायसर घालून उपयोग नसतो, तेही लवकरच जातात.

बहुतेकांचं चुकतं ते सगळ्यात वरची सळी कापताना. पिस्टन पार खाली टेकवायचा, पंपाच्या टाकीच्या वरच्या फ्लँजशी (कडेच्या चपट्या पट्टीशी) सळीवर खूण करायची, मग सळी उचलून व्हाइसमध्ये धरून कापायची, कड कानशीने मारायची, डायने आटे पाडायचे. सळी लांब राहिली तर दांडा नि सळी जोडणारी साखळी सैल पडून झटके खाते. आखूड झाली तर पिस्टन वर आदळतो. आणि जोड सुटू न देणारा चेकनट विसरला तर सगळं मुसळ केरात.

मजुरी मात्र ते घेत. फुकट दुरुस्त केलेला दांडा लोक कसाही आपटतात, हे त्यांचं मत, आणि ते खरंच होतं. सगळीकडे लागलेला हा इंडिया मार्क टू पंप आपल्या शेजारच्या सोलापूर पंपावरून पुढे आला, हे ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत.

आता वायसरसारख्या किरकोळ कामासाठी आख्खा पंप निकामी ठरवून उपटतात, हे आम्हाला बोचतं. फौजींचा क्लॅम्प, व्हाइस आणि पाने पंचायतीच्या खोलीत आहेत. वही त्यांच्या सूनबाईंकडे आहे. तिच्यात प्रत्येक हापशाचं एक पान. शाळेजवळच्या हापशाच्या पानावर शेवटची नोंद: "पाइप 9. वायसर नवे. खालून तिसऱ्या पाइपाचे आटे गेलेत, पुढच्या खेपेला बदलणे."

— ग्रामस्थ, तालुका माण, जिल्हा सातारा