मनू, गाडी उघडी ठेवशील तर एवढं वाच

मनू,

काल रात्री इंदूरच्या छप्पन दुकानवरनं तू जो फोटो पाठवलास तो ताईने मोठा करून दाखवला, थारचा कापडी टप पूर्ण मागे टाकलेला, तू बॉनेटला टेकून उभी, हातात शिकंजी, इतकी खूश दिसत होतीस की मी दोनदा बघितला. आणि दुसऱ्यांदा बघताना मागच्या सीटवरची तुझी काळी लॅपटॉपची बॅग दिसली, आणि पुढे गिअरजवळच्या खाचेत घराच्या किल्ल्या, तो गणपतीचा किचेन अगदी ओळखू येत होता. मग मला झोपच लागेना गं. फोनवर सांगितलं की तू हो हो आई म्हणतेस आणि ठेवतेस, म्हणून आता ताईचं बाळ झोपलंय तोवर लिहूनच काढते, इथे बडोद्याला दुपारी घर शांत असतं.

गाडी घेऊ नको असं मी म्हटलं नाही आणि टप लावून फिर असंही म्हणणार नाही. आपल्या मालव्यातल्या थंडीच्या रात्री उघड्या गाडीतनं जाण्यात काय सुख आहे ते मला माहितीये, लग्नानंतर बाबांच्या जुन्या विलीजमधून आम्ही किती वेळा सिमरोलच्या घाटाकडे गेलोय. पण त्याच जीपमध्ये जे झालं ते तुला पूर्ण कधी सांगितलं नाही.

1996 ची गोष्ट, तू व्हायच्या आधीची. माझ्या आईची एक जांभळी नऊवारी होती, काठाजवळ उंदराने कुरतडलेली, ती रफूला द्यायला आम्ही राजवाड्याकडे गेलो. रफूवाल्याचं दुकान बंद. मग बाबा म्हणाले आलोच आहोत तर सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेले गराडू खाऊन जाऊ. पिशवी मी पुढच्या सीटखाली सारली, वरून माझी शाल टाकली, चारही बाजूंनी नीट खोचली अगदी. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. परत आलो तर शाल खाली रस्त्यावर पडलेली आणि पिशवी नाही. जीप होती, स्टेपनी होती, बाबांचा टॉर्चसुद्धा होता. चौकीत गेलो तर त्यांनी विचारलं किंमत किती, आणि मला काही सांगताच येईना. ती साडी नेसून आई आम्हाला घेऊन खजराण्याच्या गणपतीला जायची, एवढंच मला आठवत होतं.

तेव्हापासून मला एक पक्कं कळलंय, उघड्या गाडीत वस्तू झाकणं म्हणजे वस्तू आहे असं सांगणं. मोकळी सीट बघून माणूस पुढे जातो, खोचलेली शाल बघून थांबतो. म्हणून उघडी गाडी म्हणजे घराचा ओटा समज. ओट्यावर आपण काय ठेवतो, चपला, फार तर एखादी चटई. जे ओट्यावर रात्रभर ठेवणार नाहीस ते गाडीत पाच मिनिटंही ठेवू नको. तुझ्या थारला वेगळी डिकी पण नाही, मागे ठेवलं तरी एकाच खोलीत ठेवल्यासारखं आहे, आणि ग्लोव्हबॉक्समध्ये असं मावतं तरी किती. बाबांना सांगून सीटखाली लोखंडी पेटी बोल्टने पक्की करून घे, कुलूपवाली. आणि त्यात काही टाकायचं असेल तर घरून निघतानाच टाक, पार्किंगमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर पेटी उघडशील तर काय उपयोग.

घराच्या किल्ल्या तर कधीच नाही. गाडीत आरसी असते, आरसीवर पत्ता असतो, आणि तुला सिनेमाच्या पार्किंगमधून बाहेर यायला तीन तास आहेत हेही चोराला कळतं. आरसी ओरिजिनल घरीच ठेव, डिजिलॉकरमधली 2018 पासून चालते.

आता टप लावून लॉक केलं की झालं असं तुला वाटेल, ते पण पूर्ण खरं नाही. कापड ते कापडच, ब्लेड लागतं फक्त. लंडनला तुझा मंदारदादा आहे ना, त्याच्याकडे माझदाची छोटी दोन सीटची उघडी गाडी आहे, तो म्हणतो तिकडे बरेच जण आत काही न ठेवता दारं चक्क उघडी सोडतात, म्हणजे चोराने बघावं, काही नाही म्हणून जावं, टप कापू नये, कारण नवा टप बसवायचा खर्च चोरीपेक्षा जास्त पडतो. त्याचं म्हणणं मला समजतं, पण तू तसं करू नकोस, आपल्याकडच्या पॉलिसीत साफ लिहिलेलं असतं की मालकाने गाडी जपायला योग्य ती काळजी घ्यायची, आणि दार उघडं होतं म्हटल्यावर ते तिथेच धरतात. तर आत काही नाही आणि तरी लॉक, दोन्ही.

टप उघडा ठेवून जायचंच असेल तर गाडी दिसेल अशी लाव. छप्पनवर टेबलावरून दिसते तिथे ठीक आहे, राजवाड्याकडे गर्दीत सोडून जाऊन नाही चालणार, गर्दीत कोण हात घालतोय ते कुणालाच दिसत नाही. आणि स्टिअरिंगला तो जाड रॉड लाव, दिसायला वाईट दिसतो, दिसू दे, लांबून दिसतो हेच त्याचं काम. स्टिअरिंगखाली मेकॅनिक जिथे मशीन जोडतात तो पोर्ट असतो ना, त्यालाच मशीन लावून नवी किल्ली बनवतात म्हणे चोर, आणि टप उघडा असला की तिथे हात पोचवायला काचही फोडायला नको. त्याचं लॉक मिळतं, बाबांना विचार. पाताळपाणीला जाशील तेव्हा माकडांचं पण लक्षात ठेव, चिप्सचं पाकीट दिसलं की सीट फाडतील.

हॉटेलात गाडी लावायला वॅलेटला किल्ली देतेस ते मला फारसं आवडत नाही. पावतीवर छापलेलं असतं, मालकाच्या जबाबदारीवर. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलातून 1998 साली अशीच वॅलेटला दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती, तेव्हा सुप्रीम कोर्टाने सांगितलं की किल्ली घेतली म्हणजे गाडी सांभाळायची जबाबदारी हॉटेलची, नुसतं छापून सुटता येणार नाही. पण तो निकाल कधी आला माहितीये, 2019 च्या नोव्हेंबरात. एकवीस वर्षं. आणि तो गाडीपुरता, सीटवरच्या लॅपटॉपसाठी कोण उभं राहणार आहे? साध्या पॉलिसीत सामान येत नाही, त्याचं वेगळं घ्यावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे आज कर. गाडी सेकंडहँड घेतलीस, आरसी तुझ्या नावावर झाली हे बाबांनी सांगितलं, पण इन्शुरन्स? त्यासाठी कंपनीला चौदा दिवसांत कळवायचं असतं, राहिलं असेल तर आजच कळव, नाहीतर उद्या गाडी गेलीच तर पॉलिसी त्या आधीच्या मालकाच्या नावाची आणि गाडी तुझ्या, मग कुणालाच काही मिळत नाही. आणि किल्ल्या. चोरीचा क्लेम केला की कंपनी दोन्ही ओरिजिनल किल्ल्या मागते, एक कमी असली की दुसरी कुठे गेली, कुणाला दिली, हेच विचारत बसतात. तू घेतलीस तेव्हा आधीच्या मालकाने एकच दिली होती आणि दुसरी शोधून देतो म्हणाला होता, त्याला आता महिना होईल. त्या माणसाकडे अजून एक किल्ली आहे मनू, आणि गाडी आपल्या लोकमान्य नगरच्या गल्लीत रात्रभर उभी असते. रागावून नको, पण आजच फोन कर, नाही दिली तर बाबांना घेऊन जा आणि हरवली म्हणत असतील तर तसं लिहून घे, मग सर्व्हिस सेंटरला जाऊन जुनी बाद करून नवी कोड करून घे, खर्च मी देते.

बाळ उठलं. रात्री नऊनंतर ताई जागी असते, तेव्हा फोन कर आणि किल्लीचं काय झालं ते आधी सांग.

आई