ताई, तुझ्या वहीतलं ते अक्षर माझं आहे

ताई,

आधी 'तुम्ही' लिहिलं, मग एका रेघेत खोडलं. मोराबंदरच्या वाटेवर छत्रीचं टोक पाठीत टोचून "चल गो, पाय उचल" म्हणणाऱ्या बाईला 'तुम्ही' म्हटलं तर तूच विचारशील, ताप आहे का म्हणून. तोंडावर आभार मानायचा तीनदा प्रयत्न केला. एकदा तू मला जंताच्या गोळ्या मोजायला बसवलंस, एकदा तालुक्याचा फोन आला म्हणून उठलीस, आणि तिसऱ्यांदा म्हणालीस, "आभार राहू दे, इथं सही कर." म्हणून आता चार लोकांत लिहितेय. ज्यांना तू माहीत नाहीस, आमच्या बेटावर घरोघर फिरणारी आशा, म्हणजे आरोग्याचं काम करणारी बाई, त्यांना थोडं मागचं सांगावं लागेल, तेवढं सोस.

घारापुरी म्हटलं की लोकांना त्रिमूर्ती आठवते आणि माकडं आठवतात. तिथे माणसंही राहतात हे परतीची लाँच पकडेपर्यंत बरेच जण विसरून जातात. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर ही तीन गावं, मिळून हजार-बाराशे माणसं. तालुका उरण. 1987 पासून जागतिक वारसा असलेल्या या बेटावर समुद्राखालच्या केबलीतून वीज आली ती 2018 च्या फेब्रुवारीत. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर आणि मग काळोख. (कोरोना तीन वर्षं आधी आला असता तर आमच्या ऑनलाइन शाळेचं काय झालं असतं, हा विचार अजून कधीतरी रात्री येतो.)

आमचं पोट पायऱ्यांवर. आईची टोपली लेण्यांकडे चढणाऱ्या वाटेवर साधारण मध्यावर असते, जिथे माणसाला धाप लागते आणि काकडी आठवते. ती जागा आजीने हेरलेली. काकडी, कैरी, बोरं, चिंच, पावसाळ्यात मक्याची कणसं. सोमवारी लेणी बंद, म्हणून आमची सुट्टी सोमवारी. 17 मार्च 2020 ला लेणी बंद झाली तेव्हा आई म्हणाली, "बरंय, दोन-तीन सोमवार जास्तीचे मिळाले." मग लाँचही थांबल्या आणि आठवड्याचे सातही वार सोमवार झाले. समोर न्हावा-शेव्याच्या क्रेन रात्रंदिवस हलत होत्या, कंटेनरची जहाजं येत-जात होती. आमच्या धक्क्यावर मात्र कुत्री झोपलेली.

मी दहावीला होते. पेपरांसाठी उरणला आत्याकडे राहिले होते, भूगोल तेवढा बाकी होता. 23 मार्चचा तो पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण मिळाले. चारी बाजूंना समुद्र असलेली पोरगी भूगोल न लिहिता पास झाली, हा विनोद तू वर्षभर घरोघर ऐकवलास. मी तेव्हा चिडायचे. आता मीच सांगते.

त्या दिवसांत आमच्याकडे जो येई तो काहीतरी देऊन जाई. धान्याचं किट, साबण, मास्क. किटाबरोबर फोटो काढायचा, पिशवीवरचं नाव दिसेल अशी धरायची. आईला पाहुण्यांबरोबर फोटोची सवय होती, पण डोक्यावर हंडा घेऊन उभं राहणं वेगळं आणि तांदळाची पिशवी घेऊन उभं राहणं वेगळं. ती पदर पुढे ओढून घ्यायची. मिळालेलं धान्य आम्ही खाल्लं, त्याबद्दल कुणाला नावं ठेवत नाही.

तू मात्र मागायला आलीस. मे महिन्यातली दुपार होती. उंबऱ्यात बसून पाणी प्यायलीस आणि विचारलंस, "बाय, तुझं अक्षर कसं आहे?" मुंबईहून होडीने आलेल्यांची यादी, गरोदर बायांची यादी, साखर-बीपीवाल्यांची यादी, आणि प्रत्येक यादी वेगळ्या रकान्यांत, संध्याकाळपर्यंत पाठवायची. "माझ्याच्यानं एकटीनं होत नाय. मला मदत कर." दोन महिने घरात 'आता हिचं काय करायचं' या विषयाचा मी भाग होते. त्या दुपारी पहिल्यांदा कुणालातरी माझी गरज लागली.

मला वाटलं, अक्षर चांगलं हवं एवढंच. तुझी शिकवणी त्याच्या पुढची निघाली. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं, तेव्हा तुझ्या हातात तापाची बंदूक आणि बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर आलं. पहिल्याच दिवशी अर्ध्या गावाला ताप निघाला. तू बंदुकीकडे पाहिलंस, उन्हातून आलेल्या माणसांकडे पाहिलंस, आणि सगळ्यांना जांभळीखाली दहा मिनिटं बसवलंस. ताप उतरला.

मोराबंदरच्या त्या आजी आठवतात? कोलंबी सोलत बसल्या होत्या. बोटाला यंत्र लावलं तर 81. माझ्या हातातलं पेन थरथरलं, पण मी लिहून टाकलं, 81. सून रडायला लागली. तू मात्र आजींना विचारत बसलीस, कोलंबी कितीला घेतली, कुणाकडून घेतली, त्याने वजनात मारलं की नाही. आजींनी त्या माणसाला एका दमात अशा काही शिव्या घातल्या की तू हसलीस. मला म्हणालीस, "एवढं बोलतेय, मध्ये थांबली का कुठं? ओठ बघ. नखं बघ." मग त्यांचा गार, ओला हात पदराने पुसलास, आपल्या दोन तळव्यांत धरून ठेवलास, चोळलास. पुन्हा यंत्र लावलं. 97. मी 81 गिरवून काळं करायला लागले तर तू पेन धरलंस. "खोडायचं एका रेघेत. खाली काय होतं ते दिसलं पाहिजे. आणि बाजूला सही." आज मी उरणला एका ऑफिसात हिशेब लिहिते. तिथे सगळ्यात आधी कौतुक झालं ते माझ्या खोडण्याचं.

आता पॅडची गोष्ट. तू लिहू नको म्हणशील म्हणूनच लिहितेय. एप्रिलमध्ये बेटावरच्या दुकानात पॅड संपले. योजनेतली सहा रुपयांची पाकिटंही, ज्यांच्या एका पाकिटामागे आशाला एक रुपया सुटतो, तुझ्याकडे उरली नव्हती. आम्ही पोरी जुन्या साड्यांवर आलो. त्यात पाण्याची बोंब आणि घरात दिवसभर बाप-भाऊ. धुतलेले कपडे वाळत घालायचे कुठे? एका मैत्रिणीने ओलेच वापरले आणि महिनाभर खाजवून रडत होती. तुला कुणी सांगितलं नाही. यादीसाठी घरात आलीस तेव्हा खाटेमागच्या दोरीकडे तुझी नजर गेली, एवढंच.

पुढच्या आठवड्यात उरणच्या मोऱ्याहून आलेल्या होडीतून तू मिठाचं पोतं उतरवलंस. त्यात मीठ नव्हतं. धक्क्यावरच्या पुरुषांना कळू नये म्हणून पोतं, असं तेव्हा वाटलं आणि मला ते पटलंही होतं. दुसऱ्या खेपेला मात्र पोतंबितं काही नाही. उघडी खोकी, आणि तू होडीतूनच तांडेलाला ओरडून सांगतेयस, "काका, सांभाळून! पोरींचे पॅड आहेत, भिजले तर तुमच्याकडून भरून घेईन." धक्क्यावर एकदम शांतता. तांडेलाने खोकं डोक्यावर घेतलं, गुडघाभर पाण्यातून कोरडं आणून दिलं आणि म्हणाला, "माझ्या दोघींचं यातच आहे ना?" त्या दिवसापासून आमच्या बेटावर तो शब्द मोठ्याने बोलता येतो. पैसे कुणाचे होते, हे तू आजवर सांगितलेलं नाहीस. मला अंदाज आहे.

जनधनच्या पाचशे रुपयांसाठीही तू याद्याच केल्यास. बायकांच्या खात्यात एप्रिल, मे, जून असे तीन महिने पैसे येणार होते. खातं उरणला, आणि बोट नाही. रेशन आणायला जाणाऱ्या होडीत एका वेळी सहा बाया, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत. पहिल्या खेपेला विधवा आणि टाकलेल्या. आईचा नंबर तिसऱ्या खेपेला लागला म्हणून ती तुझ्यावर आठवडाभर रुसली होती. माझी पोर तुझ्यासाठी राबते आणि मला मागे ठेवतेस, असं तिचं म्हणणं. तू नंबर बदलला नाहीस. तेव्हा मलाही राग आला होता, हे आता सांगून टाकते.

ती तापाची बंदूक म्हणजे तर तुझा परवानाच होता. ती हातात असली की कुठल्याही घरात, कुठल्याही वेळी तुला शिरता यायचं. काम नाही, बाहेर जाणं नाही, आणि हातभट्टी मात्र कुठून तरी येतेच, अशा दोन-तीन घरांत तू दिवसातून दोनदा ताप बघायला जायचीस. ताप कुणालाच नसायचा. तो पुरुष बाहेर ओट्यावर बसलेला असायचा आणि तू आत बाईचा दंड बघत असायचीस. त्या घरांपुढे आपल्या वहीत छोटा ठिपका आहे. त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही.

आणि मग वेळ माझ्यावर आली. अकरावीचे प्रवेश रखडलेले, लेण्यांचं काही ठरत नव्हतं, बाबांवर लाँचच्या मालकाची उचल. डिसेंबरात स्थळ आलं. मुलगा चांगला होता, हे खरंच सांगते. बंदरात कामाला. बाबांचा हिशेब साधा होता, पन्नास माणसांच्या वर लग्नाला परवानगी नाही, म्हणजे आत्ताच उरकलं तर खर्च वाचतो. मी सोळा वर्षांची. मी तुला काही बोलले नाही. माझं अक्षर त्या दिवशी वाकडं आलं आणि तू विचारलंस.

मला वाटलं तू भाषण देशील. तू आमच्या ओट्यावर बसलीस, चहा घेतलास, बाबांना दादा म्हणालीस. शाळेच्या दाखल्यावरची माझी जन्मतारीख त्यांनाच वाचायला लावलीस. ग्रामसेवकाला कळवावं लागेल, बापाबरोबर लग्न लावणारे भटजीही अडकतात, दोन वर्षं कैद आणि लाखाचा दंड, हे भाव सांगावेत तसं सांगितलंस. बाबा गप्प. मग म्हणालीस, "आणि दादा, पन्नासांत कुणाला बोलावणार? आपल्या आगऱ्यांत पन्नास तर नुसत्या हळदीला नाचायला लागतात. न बोलावलेले पाचशे जण जन्मभर तोंड फिरवतील." बाबा तिथे हलले. कायद्याला त्यांनी मान डोलावली होती, भावकीला मात्र ते घाबरले. उठताना तू शेवटचं म्हणालीस, "आणि हिला पाठवलीस तर माझ्या वह्या कोण लिहिणार?" ते वाक्य बाबा अजून पाहुण्यांना सांगतात, थोडं अभिमानानेच.

अकरावीचे तास तुझ्या फोनवर झाले. दुपारी एक ते तीन फोन माझा. अर्थशास्त्र चालू असताना मध्येच तालुक्याचा फोन यायचा आणि मी सरांचा मागणीचा नियम अर्धवट सोडून तुला शोधत पळायचे. मागणीचा नियम मला अजून अर्धाच येतो.

2021 च्या जूनमध्ये राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा तूही गेलीस. दार उघडं ठेवून उंबऱ्यात बसलीस. कुणी आलं की म्हणायचीस, "संपावर आहे," आणि आतून ओआरएसची पुडी आणून द्यायचीस. पंधराशे रुपये वाढले, एक हजार मानधनात आणि पाचशे कोविडचे. पुढच्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांचा सन्मान केला. मी बातमी वाचून दाखवली. तू विचारलंस, "आम्ही दहा लाख जणी. त्यात माझ्या वाट्याला केवढा तुकडा येतो?" आणि डाळ ढवळायला लागलीस.

त्या काळातल्या तुझ्या वह्या कपाटात वरच्या फळीवर असतील. उधई लागायच्या आत मला त्या एकदा बघायच्या आहेत. माझी काही पानं आहेत त्यांत, आणि एका पानावर तुझं अक्षर, माझ्या नावापुढे, शेरा या रकान्यात. काय लिहिलं होतंस ते तू कधी वाचू दिलं नाहीस.

या सोमवारी रजा टाकलीय. लेणी बंद, आईही घरी असेल. सकाळच्या होडीने येते. वह्या खाली काढून ठेव, आणि यादी करायची असेल तर पेन मी आणते, तुझं गळतं.

तुझी,
शेतबंदरची, भूगोल न लिहिलेली