डोंगरातलं घर मे महिन्यात बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत डोंगरातल्या दुसऱ्या घरावर अख्खं पान आलंय. शिखरं, थंड हवा, घरबसल्या भाडं, सगळं आहे. पाण्याबद्दल एक ओळ नाही. मी वाचून फार अस्वस्थ झाले, म्हणून हे पत्र.

2016 साली यजमान निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशांतून आम्ही उत्तराखंडात मुक्तेश्वरच्या अलीकडे दोन खोल्यांचं घर घेतलं. दाखवायला नेलं ते ऑक्टोबरात. पावसाने धुतलेलं आभाळ, गच्चीतून त्रिशूळ आणि नंदादेवी लख्ख. दलालाने नळ सोडून दाखवला, पाणी धो-धो. यजमानांनी तिथल्या तिथे बयाणा दिला.

पुढच्या मे महिन्यात नातवंडांना घेऊन गेलो. नळ सोडला तर आधी नुसती हवा फुसफुसली, मग ओंजळभर तांबूस पाणी आलं, आणि बंद. खालचा झरा, तिकडे त्याला धारा म्हणतात, करंगळीएवढा झालेला. गावातल्या बायका पहाटे चारपासून तिथे भांडी लावून बसलेल्या. त्यांच्यासमोरून आमच्यासाठी टँकर वर चढला तेव्हा माझी मान वर होईना. त्यात चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, रानाला वणवा लागलेला. झाडाखाली वाळलेल्या सुयांचा, म्हणजे पिरूलचा, थर असतो. त्याला ठिणगी पुरते. आठ दिवसांत शिखरं सोडाच, समोरचा डोंगर दिसला नाही. एका रात्री यजमानांना धुराने धाप लागली. मोठं हॉस्पिटल खाली हल्द्वानीला. घाटभर मी त्यांचा हात धरून बसले होते.

कायद्याबद्दलही लेखात अवाक्षर नाही. हिमाचलात शेतकरी नसलेल्याला 1972 च्या कायद्याच्या कलम 118 प्रमाणे सरकारी परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. उत्तराखंडात शहरांच्या हद्दीबाहेर बाहेरच्या माणसाला घरासाठी 250 चौरस मीटर, म्हणजे तिथल्या मापाने सव्वा नाली, एवढीच मुभा. 2025 च्या दुरुस्तीने तर तेरापैकी अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतजमीन घ्यायला बंदी केली. बडोदेकरांना जवळचं म्हणून अबू सुचवलंय. ते 2009 पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे बांधकामावर निर्बंध आहेत. आणि उत्तराखंडातल्याच जोशीमठच्या घरांना 2023 च्या जानेवारीत जमीन खचून गेलेले तडे इतक्यात विसरलो आपण?

त्याच पानाच्या तळाशी डोंगरातल्या प्लॉटची जाहिरात आहे. ‘जाहिरात’ हा शब्द मला भिंग लावून सापडला. आमच्या दांडिया बाजारात अजून पेपरात छापलेलं खरं मानणारी माणसं आहेत, ती फंडाचे पैसे घेऊन निघतील. कृपा करून पुढच्या रविवारी तेवढ्याच जागेत पाणी, रस्ता, दवाखाना आणि कायदा यांवर लिहून घ्या. लेखकाला एकदा मे महिन्यात तिकडे पाठवा.

आमचं घर तीन वर्षं विकायला काढलंय. गिऱ्हाईक ऑक्टोबरात येतं, घर बघून खूश होतं आणि मला फोन करतं. मी मे महिन्याचं सगळं सांगते. मग पुन्हा फोन येत नाही. मुलगा रागावतो. पण यजमान असते तर त्यांनीही सांगितलंच असतं.

आपली,
एक जुनी वाचक,
दांडिया बाजार, बडोदे