नंदूच्या नाकावरचे काटे

प्रिय सुलू,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. रागाव, पण आधी वाच. मी बरी आहे, बीपी ताब्यात आहे.

नंदूच्या नाकावर काटे आलेत. थट्टा नाही गं. नाक, गाल, कानाच्या पाळ्या, सगळीकडे बारीक पुटकुळ्या आणि त्यांतून वर आलेले पांढुरके टोकदार कण. बोट फिरवलं की किसणी लागते. भुवया निम्म्या गळल्या. चार महिने मुरुमांची औषधं झाली. शेवटी बायॉप्सी केली तेव्हा नाव कळलं, ट्रायकोडिसप्लेझिया स्पायन्युलोसा. नंदू म्हणतो, "ताई, एवढं भारदस्त नाव आपल्या घराण्यात पहिलंच!"

विषाणूच आहे. बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात तो कधी ना कधी शिरून गेलेला असतो, तुझ्यामाझ्याही असेल, आणि त्रास देत नाही. पण नंदूसारख्या किडनी बदललेल्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली. तिथे तो केसांच्या मुळाशी फोफावतो, केसाचं आतलं आवरण घडवणाऱ्या पेशी वेड्यावाकड्या वाढतात आणि केसाच्या जागी केराटिनचा, म्हणजे नखं-केस ज्याचे बनतात त्या प्रथिनाचा, काटा वर येतो. हा विषाणू ओळखला गेला तो २०१० मध्ये, हृदय बदललेल्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या काट्यांतून. त्या पोराने आरशात काय पाहिलं असेल, हेच डोक्यात घोळतंय.

जीवावरचं नाही, असं डॉक्टर म्हणतात. मग मी रडतेय कशाला? उपायापायी. सिडोफोव्हिरचं मलम आहे, वॅलगॅनसायक्लोव्हिरच्या गोळ्या आहेत, काहींना गुणही आलाय. पण रुग्ण इतके थोडे की खात्रीने कोणी बोलत नाही. मुख्य इलाज म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं उतरवायची. आणि त्याच औषधांमुळे माझी किडनी त्याच्या अंगात टिकून आहे.

बघ, "माझी" लिहिलं. तू तेव्हा म्हणाली होतीस, "दे, पण दिल्यावर ती तुझी नाही, हे आधी ठरव." दोन महिने मी तुझ्याशी बोलले नव्हते.

परवा नंदू म्हणाला, "औषध कमी नको करूया. तू दिलेली आहे, मी काट्यांसकट राहीन." आरशावर त्याने टॉवेल टाकलाय, सुलू. कोणाकडे जात नाही, कोणी आलं तर आत जाऊन बसतो. आणि त्याने ते म्हटलं तेव्हा मला हायसं वाटलं. हे मी आणखी कोणाला सांगू?

डॉक्टर म्हणतात, मायकोफिनोलेट, त्या दाबणाऱ्या औषधांतलं एक, थोडं थोडं उतरवू, किडनी नीट चालतेय ना ते कळायला दर वेळी रक्तातलं क्रिएटिनिन बघू, ते वाढलं तर थांबू. सोमवारी जायचंय. त्याआधी तू त्याला फोन कर. माझं ऐकून तो हो म्हणेल, पण माझ्याकडे बघत म्हणेल. तुझ्याशी तो भांडेल, आणि मग स्वतःचं काय ते ठरवेल.

तुझ्या बढतीचं कळलं, फार आनंद झाला. लेकीचा निकाल कळव. आईंचा गुडघा कसा आहे?

फोन रविवारी कर, संध्याकाळी. मी तेव्हा घराबाहेर जाईन.

तुझी,
माई